बोगद्यात अडकलेला निरोप

स्वारगेटच्या एसटी स्थानकातून सुटलेली साताऱ्याची गाडी शंकर महाराजांचा मठ, बालाजीनगर मागे टाकत कात्रजच्या घाटाला लागते. घाट, बोगदा, मग शिरवळ, मग खंबाटकी. या वाटेवर मोबाइलची रेंज आजही मध्येच जाते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ती कुठे मिळाली, हेच प्रवासी एकमेकांना सांगत. त्या काळातल्या एखाद्या गाडीत खिडकीशी बसलेल्या माणसाच्या हातात तळहाताएवढा संगणक आहे आणि त्याला दुसऱ्या कुणाशी लिहून गप्पा मारायच्या आहेत, असं समजू. त्यासाठी काय काय जुळून यावं लागत होतं, ते या प्रकरणात पाहू.

हातातल्या संगणकावर चॅट करणं अवघड होतं ते पडदा छोटा होता म्हणून, असा एक समज आहे. पडदा छोटा होता हे खरंच. पण माझ्या मते खरी अडचण होती ती चालत्या माणसाची. लिहून गप्पा मारण्याची सगळी यंत्रणा एका जागी बसलेल्या माणसासाठी तयार झाली होती. तो माणूस उठून गाडीत बसला की ती कोलमडायची.

आयआरसी, म्हणजे इंटरनेट रिले चॅट, हे त्या यंत्रणेचं एक जुनं रूप. फिनलंडमधल्या ओलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी ते ऑगस्ट 1988 मध्ये लिहिलं. त्याची रचना साधी आहे. आपला संगणक एका सर्व्हरशी जोडलेला असतो. आपण ओळ लिहितो, सर्व्हर ती गप्पांच्या त्याच खोलीतल्या बाकीच्यांना पाठवतो. एका निरोपाची कमाल लांबी 512 बाइट, त्यातच ओळ संपल्याची खूणही आली. सर्व्हर मधूनमधून ‘पिंग’ असा शब्द पाठवून आपण आहोत का ते विचारतो, आपल्या संगणकानं ‘पाँग’ असं उत्तर द्यायचं. ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही की सर्व्हर नाव काढून टाकतो. पुढे 1996 च्या नोव्हेंबरात इस्रायलमधल्या मिराबिलिस कंपनीनं आयसीक्यू आणलं, 1997 मध्ये एओएलचं ‘एम’ (एआयएम) आलं, त्यानंतर याहू आणि एमएसएन. या सगळ्यांनी एका गोष्टीला फार महत्त्व दिलं: मित्रांची यादी, आणि त्या यादीत आत्ता कोण जागेवर आहे याची खूण. नावापुढचा हिरवा किंवा पिवळा ठिपका. माणसं निरोप लिहिण्याआधी ठिपका बघू लागली. ठिपका खोटा निघाला तर गप्पांना अर्थच उरत नव्हता.

आता हातातला संगणक. मार्च 1996 मध्ये आलेला पायलट 1000 हा त्यातला सर्वांत गाजलेला. त्याला पाम म्हणायची सवय नंतर लागली. 160 गुणिले 160 ठिपक्यांचा करडा पडदा, 16 मेगाहर्ट्झचा मोटोरोलाचा ड्रॅगनबॉल प्रोसेसर, 128 केबी मेमरी आणि दोन पेन्सिल सेल. आजच्या फोनमध्ये काढलेला एक साधा फोटोही या मेमरीत मावणार नाही. तरीही त्यात वही, दिनदर्शिका, पत्ते आणि हिशेब होते आणि सेल कित्येक दिवस टिकत. त्या घडणीमागची काटकसर थक्क करणारी आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या पामपायलट प्रोफेशनलमध्ये इंटरनेटशी बोलण्याचे नियम, म्हणजे टीसीपी/आयपी, घालण्यात आले. तिथून हातातल्या चॅटची शक्यता सुरू झाली.

पुण्यात हे यंत्र सहसा दुकानातून येत नसे. अमेरिकेतलं प्रोजेक्ट संपवून परतणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या सामानातून ते यायचं. त्यामुळे ते बघायला मिळे ते एखाद्या मित्राच्या घरी किंवा ऑफिसात. स्वारगेटवर बहुतेकांनी पाहिलेला पहिला हातातला संगणक कंडक्टरचा होता. 2010 च्या सुमारास तिकिटांची पत्र्याची पेटी आणि पंच जाऊन कंडक्टरांच्या गळ्यात तिकीट छापणारं यंत्र आलं.

पामवर लिहायचं कसं? कीबोर्ड नव्हता. पडद्याखाली लिहिण्याची एक चौकट होती. तिच्या डाव्या भागात अक्षरं काढायची, उजव्या भागात आकडे, आणि तीही रोजच्या वळणाची नाहीत. ग्राफिटी नावाची एक खास लिपी शिकावी लागे. जवळजवळ प्रत्येक अक्षर लिहायची काडी न उचलता एका फटक्यात काढायचं. इंग्रजी ए म्हणजे मधली दांडी नसलेला, उलटा व्ही. टी काढताना आडवी रेघ ओढून उजव्या टोकाकडून खाली यायचं. दोन शब्दांमधल्या जागेसाठी डावीकडून उजवीकडे एक रेघ. तीच रेघ उलट ओढली की मागचं अक्षर पुसलं जाई. अक्षरं एकावर एकच काढायची असल्यानं हात पुढे सरकवावा लागत नसे. सरावलेला माणूस पडद्यावरच्या मजकुराकडे बघत, हाताकडे न बघता लिहू शकायचा. माणसानं थोडं शिकायचं आणि यंत्रानं थोडं ओळखायचं, अशी ती वाटणी होती. ॲपलच्या 1993 मधल्या न्यूटननं माणसाचं नेहमीचं हस्ताक्षर वाचायचा प्रयत्न केला होता आणि सुरुवातीला त्याची भरपूर थट्टा झाली होती. पामनं तो हव्यास सोडला म्हणून ते चाललं. पण अशाच एका फटक्याच्या लिपीचं पेटंट झेरॉक्सकडे होतं. खटला बरीच वर्षं चालला आणि 2003 मध्ये पामनं लिपीच बदलली. हाताला बसलेली वळणं अनेकांना नव्यानं गिरवावी लागली.

पण गाडी हलायला लागली की काडी थरथरते. स्वारगेटच्या फलाटावर उभं राहून लिहिता येई, जेधे चौकातल्या वळणावर येत नसे. म्हणून चालत्या माणसाचं लिहिणं आखूड होत गेलं. ‘पोचलो’, ‘निघालो’, ‘येतोय’. बोलणं पूर्ण वाक्यात आणि लिहिणं तुकड्यात, ही उलटापालट इथे दिसू लागते.

लिहिलेलं पाठवायचं कुठून? सुरुवातीला पामला चिकटवायचा छोटा मोडेम मिळे, त्याचा वेग 14.4 केबीपीएस, आणि त्याला भिंतीतली टेलिफोनची वायर लागे. म्हणजे यंत्र हातात, पण माणूस भिंतीला बांधलेला. मग मोबाइल फोन आले. पाम आणि फोन समोरासमोर धरून इन्फ्रारेड किरणांनी जोडायचे आणि फोनवरून इंटरनेटला डायल करायचं. वेग 9.6 केबीपीएस, बिल मिनिटावर. दोन यंत्रं एकमेकांसमोर हातभर अंतरात स्थिर ठेवायची, हे एसटीत कसं जमायचं! 2002 मधल्या टंगस्टन टी या पाममध्ये ब्लूटूथ आलं आणि ती कसरत संपली. त्या काळात पामनं ब्लूटूथसाठी ब्लूचॅट नावाचं एक छोटं सॉफ्टवेअरही दिलं होतं. दहा-एक मीटरच्या आतली पाम यंत्रं मोबाइल कंपनीला एक पैसा न देता, इंटरनेटही नसताना, एकमेकांशी लिहून बोलू शकत. फलाटाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे निरोप, तोही फुकट. यात पुढे जायला भरपूर वाव होता, असं मला फार वाटतं. पण अशी दोन यंत्रं एका जागी येणंच दुर्मीळ होतं, आणि जवळच्या माणसाला लोक हाक मारतात.

आणखी एक अडचण यंत्राच्या आतली होती. पामवर एका वेळी एकच सॉफ्टवेअर चाले. चॅट चालू असताना कुणी पत्ता विचारला आणि तो बघायला पत्त्यांची वही उघडली, की चॅट बंद. परत आलात तरी मधल्या वेळात आलेली ओळ गेलेली असे.

आता मूळ प्रश्नाकडे, ठिपक्याकडे. स्थानकातल्या चौकशीच्या खिडकीत बसलेल्या माणसाला कोणती गाडी लागली आणि कोणती सुटली ते माहीत असतं, कारण प्रत्येक गाडी येताना-जाताना नोंद होते. समजा एखादी गाडी नोंद न करताच निघून गेली, तर खिडकीतला माणूस प्रामाणिकपणे ‘फलाटावर आहे’ असंच सांगत राहील. चॅटच्या सर्व्हरचं नेमकं असंच होई. जागेवर बसलेला माणूस संगणक बंद करतो तेव्हा संगणक सर्व्हरला ‘चाललो’ असं कळवतो. बोगद्यात शिरलेला फोन काहीच कळवत नाही. सर्व्हर पुढच्या पिंगपर्यंत, आणि त्याच्या उत्तराची मुदत संपेपर्यंत, ठिपका हिरवाच ठेवतो. त्या मिनिटा-दोन मिनिटांत पाठवलेले निरोप कुणालाच मिळत नाहीत, आणि पाठवणाऱ्याला वाटतं की ते मिळाले. बोगदा संपून रेंज आली की फोन नव्यानं जोडणी मागतो, तेव्हा जुनं नाव यादीत शिल्लकच असतं. मग आयआरसीवर आपल्याच नावापुढे एक शेपूट जोडून आत यावं लागे आणि खोलीत आपणच दोनदा दिसत असू. यातला एक जिवंत, एक भूत.

पिंग वारंवार पाठवले तर? ठिपका खरा राहील, पण बॅटरी संपेल. फोनमधला रेडिओ प्रत्येक वेळी जागा होतो, काही सेकंद जागाच राहतो आणि तेवढ्यात भरपूर वीज खातो. चार अक्षरांच्या ‘पाँग’साठी अख्खं यंत्र झोपेतून उठवायचं. हा हिशेब सुटेना, तेव्हा चॅट लिहिणाऱ्या लोकांनी जागाच बदलली. माणसाच्या वतीनं हजर राहणारा एक मधला सर्व्हर त्यांनी उभा केला. याहूला, एमएसएनला वाटतं की हा माणूस हजर आहे. प्रत्यक्षात हजर असतो तो मधला सर्व्हर. फोन बोगद्यात गेला तर आलेले निरोप तो धरून ठेवतो आणि फोन परत आला की सगळे एकदम देतो. आज आपण वापरतो त्या जवळपास प्रत्येक निरोप-सॉफ्टवेअरचा हाच पाया आहे, आणि तो मोबाइलवरच्या याच अडचणीतून पक्का झाला.

या कामात मुंबईची एक कंपनी होती, हे मराठी वाचकांना सहसा माहीत नसतं. जिओडेसिक ही 1999 च्या सुमारास उभी राहिलेली कंपनी. तिचं मुंडू हे चॅटचं सॉफ्टवेअर आधी संगणकावर आणि मग पाम, पॉकेट पीसी, सिंबियन अशा हातातल्या यंत्रांवर आलं. मुंडूचा गाभा असा की एमएसएन, याहू, एम, आयसीक्यू आणि जॅबर ही वेगवेगळी जाळी एकाच खिडकीत दिसत. ही जाळी सहसा एकमेकांशी बोलत नसत. याहूवरच्या माणसाला सुरुवातीची बरीच वर्षं एमएसएनवरच्या मित्राला निरोप पाठवता येत नसे. मोठ्या संगणकावर चार सॉफ्टवेअर उघडी ठेवून लोक भागवत. पामवर एका वेळी एकच चालणार, म्हणून तिथे सगळ्यांना एकत्र आणणारं सॉफ्टवेअर चैनीचं राहत नाही, गरजेचं ठरतं. पुढे याच जिओडेसिकनं बंगळूरची पिकोपेटा ही कंपनी घेतली. पिकोपेटा म्हणजे सिम्प्युटरवाली मंडळी.

सिम्प्युटर हा भारतात घडलेला हातातला संगणक. भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीतले अभियंते यांनी तो मिळून आखला. 2001 मध्ये त्याचा नमुना जगासमोर आला. अमिडा या नावाचं पिकोपेटाचं रूप 2004 च्या मार्चमध्ये बाजारात आलं, त्याचं उत्पादन भारत इलेक्ट्रॉनिक्सनं केलं. सर्वांत स्वस्त प्रकाराची किंमत दहा हजारांच्या आत होती. आत लिनक्स, आणि यंत्र कलतं केलं की पान उलटे. हे आयफोनच्या आधी तीन वर्षं! त्यातली एक सोय मला सर्वांत मोलाची वाटते. पडद्यावर काडीनं हवं ते, हव्या त्या लिपीत, आपल्या हस्ताक्षरात खरडायचं आणि ते तसंच्या तसं ईमेलनं पाठवायचं. यंत्राला मराठी कळायची गरजच नाही. वाचणाऱ्याला कळली की झालं. ही मोकळीक त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्या यंत्रानं इतक्या साधेपणानं दिल्याचं मला दिसत नाही. सिम्प्युटर विकला गेला अवघा काही हजारांच्या घरात. रंगीत पडद्याचे फोन स्वस्त होत होते, आणि ज्या गावांसाठी तो घडवला तिथे दहा हजार ही रक्कम मोठीच होती.

मराठीचा प्रश्न मात्र मोठा आहे आणि तो इथे नीट उलगडायला हवा, कारण त्याबद्दल एक चुकीची गोष्ट सर्रास सांगितली जाते. देवनागरी ‘जड’ आहे, जास्त जागा खाते, म्हणून ती लहान यंत्रांवर आली नाही, असं म्हणतात. ‘स्वारगेट’ हाच शब्द घेऊ. संगणकाच्या नजरेतून त्यात स, हलन्त, व, काना, र, ग, मात्रा, ट असे आठ घटक आहेत. रोमन लिपीत हाच शब्द लिहिला तर अक्षरं किती? तीही आठच. भारतीय लिपींसाठी 1991 मध्ये इस्की हे प्रमाण ठरलं. त्यात प्रत्येक घटकाला एक बाइट. म्हणजे इस्कीत ‘स्वारगेट’ आठ बाइटचा आणि रोमनमध्येही आठ बाइटचा. बरोबरी! युनिकोडच्या आज रूढ असलेल्या यूटीएफ-8 पद्धतीत मात्र देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात, म्हणून तोच शब्द चोवीस बाइटचा होतो. आयआरसीच्या एका ओळीत मग जेमतेम एकशेसत्तर घटक मावतात. एसएमएसमध्ये तर रोमनच्या 160 अक्षरांच्या जागी देवनागरीचे 70 घटक. म्हणजे महागाई लिपीत नव्हती, जगानं निवडलेल्या मांडणीत होती.

इस्कीमागचं मोठं काम पुण्यातलं आहे. 1988 मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक ही संगणक-संशोधन संस्था सुरू झाली. आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आलेलं जिस्ट तंत्र तिथे वाढलं. जिस्ट हे संगणकात बसवायचं एक कार्डच होतं. जोडाक्षरं जुळवणं, वेलांटी योग्य जागी काढणं ही कामं ते कार्ड करायचं. स्वारगेटहून गणेशखिंडीला जाणाऱ्या पीएमटीच्या बसनं तासाभरात पोचता यावं इतक्या अंतरावर मराठी संगणकावर धडपणे उमटत होती. ती पामवर का आली नाही?

कारण उमटवणं. देवनागरीत साठवण्याचा क्रम आणि दिसण्याचा क्रम वेगळा असतो. ‘कि’ लिहिताना आधी क साठवला जातो, मग ऱ्हस्व वेलांटी, पण पडद्यावर वेलांटी आधी काढावी लागते. ‘सूर्य’मधला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. हे सगळं जुळवायला एक वेगळा कार्यक्रम लागतो. जिस्टनं तो कार्डावर नेला होता. पामच्या खिशाएवढ्या देहात तो रुळला नाही. शिवाय पामच्या नेहमीच्या अक्षरांची ओळ अकरा-एक ठिपके उंच. त्यात शिरोरेघ, तिच्यावर मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार मावत नाहीत. अक्षर मोठं करावं तर पडद्यावर मोजक्याच ओळी उरतात. आणि समजा आपल्या यंत्रावर हे सगळं जमवलं, तरी समोरच्या माणसाच्या यंत्रावरही ते असायला हवं, नाहीतर त्याला दिसणार चौकोन आणि प्रश्नचिन्हं. गप्पांना दोन माणसं लागतात. एकट्यानं मराठी बसवून भागत नाही.

म्हणून मराठी माणसांनी गप्पा मराठीतच मारल्या, पण रोमन अक्षरांत. यात भाषेचा कमीपणा मानणारे पुष्कळ भेटतात. मला त्यात लोकांची हिंमत दिसते. यंत्रानं लिपी नाकारली तरी त्यांनी भाषा सोडली नाही.

पाम आणि सिम्प्युटर मागे पडले ते जावा चालणाऱ्या साध्या फोनमुळे. 2005 नंतर नोकिया, सोनी एरिक्सनच्या फोनवर मिग33, निंबझ, ईबडी अशी छोटी सॉफ्टवेअर्स कॉलेजच्या मुलांमध्ये पसरली. मधल्या सर्व्हरची युक्ती तीच. पसरायचं कारण मात्र पैशांचं होतं. एसएमएसला पन्नास पैसे ते रुपया मोजावा लागे. वर दिवाळी, नववर्ष अशा ठरावीक दिवशी मोबाइल कंपन्यांची सवलत बंद असे, म्हणजे ज्या दिवशी सर्वांत जास्त निरोप पाठवायचे त्याच दिवशी पूर्ण दर. मोबाइल इंटरनेटचा, म्हणजे जीपीआरएसचा, रूढ दर दहा केबीला दहा पैसे. चॅटचा एक निरोप त्याच्या सगळ्या वेष्टनासकट दोनशे-तीनशे बाइटचा धरला, तर दहा पैशांत तीस ते पन्नास निरोप जातात. हा हिशेब मुलांना पाठ होता.

ज्यांच्याकडे जीपीआरएस नव्हतं त्यांच्यासाठी वेबारू कंपनीनं 2007 च्या सुमारास एसएमएस गपशप सुरू केलं. एकानं एक एसएमएस पाठवायचा, तो गटातल्या सगळ्यांना जायचा. सर्वांत साध्या फोनवरचा हा गट-संवाद लाखोंनी वापरला. 2011 च्या सप्टेंबरात दूरसंचार नियामक ट्रायनं एका सिमकार्डावरून दिवसाला शंभर एसएमएसची मर्यादा घातली. तोवर व्हॉट्सॲप आलं होतं.

व्हॉट्सॲप आतून बऱ्याच अंशी जुनंच आहे. त्याच्या निरोपाची भाषा 1999 मध्ये जेरेमी मिलर यांनी सुरू केलेल्या जॅबरपासून घेतली आहे. जॅबरच्या निरोपाभोवती लांबलचक खुणांचं वेष्टन असे. व्हॉट्सॲपच्या अभियंत्यांनी त्यातल्या वारंवार येणाऱ्या शब्दांचा एक कोश केला आणि प्रत्येक शब्दाच्या जागी एक बाइट ठेवला. मंद जीपीआरएसवर ते चटकन चालायचं ते यामुळे. ठिपक्याचा हट्टही त्यांनी कमी केला. माणूस आत्ता हजर आहे का, यापेक्षा निरोप कुठवर गेला हे सांगणं सोपं आणि खरं असतं. एक खूण म्हणजे सर्व्हरपर्यंत, दोन म्हणजे फोनपर्यंत. बोगद्यात गेलेल्या माणसाबद्दल यात कुणाला खोटं सांगावं लागत नाही.

देवनागरी स्मार्टफोनवर नीट उमटू लागली ती मुख्यतः 2011 च्या अखेरीस आलेल्या अँड्रॉइड 4.0 पासून पुढे. ‘पोचलो’ हा शब्द यूटीएफ-8 मध्ये पंधरा बाइटचा, रोमनमध्ये सहा बाइटचा. या फरकाचं बिल आता कुणालाही येत नाही, मराठीचा कीबोर्ड जवळपास प्रत्येक फोनमध्ये असतो आणि बोलून लिहायची सोयही आहे. तरी स्वारगेटच्या भुयारी मेट्रो स्थानकातून वर येणारी कितीतरी माणसं आजही हा शब्द सहा रोमन अक्षरांत लिहितात. त्यांच्या बोटांना ही सवय त्या दहा-बारा वर्षांत लागली, आणि त्यांची मुलं ती त्यांच्याकडे बघून शिकली.